मंगलाष्टकं लिहून देणारी बाई

तुळशीचं लग्न आटोपलं की माझं डोकं तापायला सुरुवात होते. बाहेर थंडी पडते आणि घरात फोन वाजायला लागतात. पलीकडून कोणी लाडात येऊन "ओळखलं का वयनी?" म्हटलं की मी समजून जाते, कोणाच्या तरी घरी लग्न निघालं आणि मंगलाष्टकं पाहिजेत.

"पाच कडवी लिवून द्या वयनी. पोरीचं नाव टाकजा, पोराचं टाकजा, दोन्हीकडच्या आजोबाचं टाकजा. अन् आत्याचं नाव तं पाह्यजेच, ते लवकर रुसते."

अमरावतीपासून तेल्हाऱ्यापर्यंत आमच्या गोतावळ्यातली गेल्या कित्येक वर्षांतली लग्नं माझ्या शब्दांवर लागली आहेत. शार्दूलविक्रीडितात दर्यापूर ओळीच्या तोंडाशी झकास बसतं. तेल्हाराही बसतं. पण नवरदेवाचा मामा कृषी सहायक आहे हेसुद्धा त्यात यायला पाहिजे म्हणतात, तेव्हा त्या मामाला शेतात नेऊन पुरावंसं वाटतं. तरी मी बसवते. मग ती कडवी चकचकीत कार्डावर छापतात. खाली 'शुभेच्छुक' म्हणून अख्ख्या खानदानाची नावं, शेंबड्या पोरांसकट. लिहिणारीचं नाव कुठेच नाही. एकदा मी विचारलं तर म्हणे, "आता घरच्याच मानसाचं नाव काय टाकायचं?" घरचीच होती तर टाकायला काय झालं होतं?

आणि वर पुन्हा, "तुमाले काय, दोन मिनटाचं काम!"

हे वाक्य मी दिवसभर ऐकते. मी अमरावतीतल्या एका सरकारी दवाखान्यात प्रसूती वॉर्डात नर्स आहे. तिथेही असंच. "सिस्टर, जरा सलाइन पाहता का, दोन मिनटाचं काम." "सिस्टर, आमची सून ओरडून राह्यली, जरा पाहता का, दोन मिनटाचं काम." माझ्या आयुष्यात मी दोनच कामं मन लावून शिकले, आणि जगाच्या हिशेबानं दोन्ही दोन-दोन मिनिटांची निघाली. मग माझं आयुष्य कुठे गेलं, ते तरी सांगा कोणी.

मी गोष्टी लिहिते. दिवाळी अंकांत येतात. लिहिते कुठे, ते सांगितलं तर हसाल. घरी जागा नाही असं नाही. चार खोल्या आहेत, टेबलही आहे. त्या टेबलावर इस्त्रीचे कपडे असतात. मी लिहिते दवाखान्याच्या स्टँडमध्ये, माझ्या स्कूटीवर बसून. ड्युटी संपली की स्कूटी कडुनिंबाखाली घ्यायची, पर्स मांडीवर आडवी ठेवायची, तिच्यावर कागद ठेवायचा. वॉर्ड मागे सुटलेला असतो आणि घर अजून लागलेलं नसतं. तेवढा मधला वेळ माझा.

स्टँड सांभाळणाऱ्या चाचांनी पुष्कळ दिवस हे पाहिलं. मग एके दिवशी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. म्हणाले, "सिस्टर, बुरा मत मानो. घरात काही टेन्शन हाय का? मियाँ-बीवी में होते रहता."

मी म्हटलं, "चाचा, मी लिहून राहिली."

"घटस्फोटाचे कागद?"

मी इतकी हसले की बाजूचा कंपाउंडर वळून पाहायला लागला. त्या माणसाला किमान माझी काळजी तरी वाटली. तेव्हापासून ती खुर्ची माझी. कोणी बसायला लागलं तर चाचा हाकलतात, "मॅडम का ऑफिस है."

घरात मात्र माझं ऑफिस नाही. माझा नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माणूस वाईट नाही. खिचडी लावतो, पोरांची दप्तरं पाहतो, पावसात मला ड्युटीवर सोडतो. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. पण माझा फोन वाजला आणि त्यानं उचलला की तो काय म्हणतो, ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी न्हाणीत असले तर म्हणतो, "अंघोळीला गेली." दिवा लावत असले तर, "पूजेत हाय." दवाखान्यात असले तर, "ड्युटीवर हाय, मंग करा." आणि मी कागद घेऊन बसले असले तर म्हणतो, "आहे ना, बसलीच हाय. देऊ?"

बसलीच हाय! देवाला आंघोळ घालणाऱ्या बाईला कोणी हात लावत नाही, पण लिहिणाऱ्या बाईला कोणीही उठवू शकतं. "ती लिहून राहिली, नंतर करा," हे वाक्य त्या घराच्या भिंतींनी एकदाही ऐकलेलं नाही.

आता आईचं सांगते, कारण हे सगळं तिच्यावरून पेटलं.

माझी आई अकोल्याला असते. एकटीच. बाबा गेल्यावर मी पुष्कळ म्हटलं अमरावतीला चल, तर म्हणते, "माहं घर सोडून तुह्या घरी पाव्हणी काहून होऊ?" मला नर्सिंगला पाठवलं तेव्हा तिच्या भावानं अंगणात उभं राहून तमाशा केला होता. रातच्या ड्युट्या, परके पुरुष, उद्या पोरगी कोण करणार, असं सगळं बोलला. आई ओट्यावर तूर पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "लोकायचे घाव पुसन माही पोरगी, कोनाचे पाय पुसनार नाई. तू चहा पिऊन जाय." चहा घेऊन तो जो गेला, तो वर्षभर आला नाही.

माझ्या छापून आलेल्या गोष्टी आईनं सगळ्या वाचल्या. आधी चष्म्यानं, मग भिंगानं. नंतर साखरेनं तिचे डोळे नेले. रोज दुसऱ्यांच्या आयांना मी डोळे तपासून घ्या, साखर सांभाळा म्हणून ओरडते, आणि माझ्या आईला आता माणसाऐवजी सावली दिसते. या गोष्टीचा राग कोणावर काढायचा तेही कळत नाही. मी अकोल्याला गेले की तिला गोष्ट वाचून दाखवायला जायचे, तर तिनं एकदा हात धरला.

"मले घरात नोको वाचून दाखवू. लोकायत वाच. माइकवर. गल्लीतल्या बाया घेऊन मी पुढच्या खुर्चीवर बसन. नर्स म्हून नाकं मुरडनारे अजून जिते हायत. त्यायच्या कानावर जाऊ दे."

म्हणजे पाहा, त्या बाईला काय पाहिजे होतं. साडी नाही, सोनं नाही, तीर्थयात्रा नाही. पोरीचा आवाज माइकवरून, चार लोकांत, एकदा.

आणि गेल्या हिवाळ्यात अकोल्याहून बोलावणं आलं. तिथल्या एका महिला मंडळाचं साहित्य संमेलन होतं. दुपारी चारला कथाकथन, त्यात माझी गोष्ट. मी आईला फोन केला. तिनं तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाली, "थांब, खालाले सांगतो," आणि फोन तसाच ठेवून शेजारच्या खालाला हाका मारायला लागली. खाला आणि ती चाळीस वर्षांच्या शेजारणी आहेत. दोघी मिळून ओरडत होत्या, ते मला अमरावतीत ऐकू येत होतं.

दवाखान्यात सुट्टी मागितली. इन्चार्ज बाई म्हणाल्या, "कथाकथनाले सुट्टी? आजारी पडा, मंग देते." पण नशीब असं, की त्याच दिवशी माझ्या नणदेच्या मुलीचं लग्न निघालं. "भाचीचं लग्न" म्हणताच सही झाली. एकही प्रश्न न विचारता. लग्नात जेवायला सुट्टी आहे, लिहिलेलं वाचायला नाही. मला वाटलं, जाऊ दे, एका दगडात दोन पक्षी. मुहूर्त दुपारी बाराचा. मंगलाष्टकं अर्थात मीच लिहिलेली आणि मीच म्हणायची. साडेबाराला अक्षता पडल्या की एकची बस, चारच्या आत अकोला. जन्म वऱ्हाडात गेला आणि मी पत्रिकेवर छापलेल्या मुहूर्तावर विश्वास ठेवला! माझ्याएवढी शहाणी बाई शोधून सापडणार नाही.

लग्न वलगाव रोडवरच्या एका लॉनवर होतं. बारा वाजले, वरात नाही. एक वाजला, वरात चौकात नाचून राहिली म्हणे. डीजेचा आवाज पोटात धडधडत होता आणि नवरदेव घोड्यावर बसून मोबाइल पाहत होता. नाचणाऱ्यांना बाराच्या मुहूर्ताशी काय घेणंदेणं? नवरदेवाकडचे ते.

मी नणदेला गाठलं. "ताई, मला निघावं लागेल. हे कार्ड घ्या, कोणाला तरी म्हणायला सांगा."

"अवं वयनी! तुमी गेल्या तं मंगलाष्टकं कोन म्हनंन?"

"कोणीही म्हणेल. छापलेली आहेत."

"तसं कसं? त्या चालीत कोनाले जमते? अन् तुमचा थो कार्यक्रम तं होतच राह्यते ना. पोरीचं लगन एकदाच होते."

नवरा बाजूला उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला माहीत होतं आई सकाळपासून तयार होऊन बसली असेल. तो म्हणाला, "अर्धा घंटा थांब ना. लोक काय म्हनतीन?" मी खांद्याला पिशवी लावली आणि फाटकाकडे चालायला लागले. खरंच चालायला लागले होते. ही गोष्ट मला लिहून ठेवायची आहे, कारण नंतर सगळ्यांनी सांगितलं की वहिनी किती आनंदानं थांबल्या.

मागून ओरडा झाला, "सिस्टर कुठी हाय? सिस्टरले बलवा!" स्वतःच्या सासरी, स्वतःच्या भाचीच्या लग्नात मी सिस्टर.

नणदेचा नवरा खुर्चीवर कलंडला होता. घामानं सदरा ओला, हात थरथरत होते, आणि भलतंच काहीतरी बडबडत होता. कन्यादान करणाऱ्यानं उपाशी राहायचं, हा आमच्याकडचा नेम. आदल्या रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. त्यात मधुमेहाचा माणूस. मी हाताला हात लावला, तो गार.

"भाऊजींनी सकाळी साखरेची गोळी घेतली का?"

नणंद म्हणाली, "घेतली ना! म्या सोताच्या हातानं देल्ली. उपास जेवनाचा हाय, गोळीचा थोडीच हाय?"

माझं डोकं सटकलं. मी त्या माणसाला आठ दिवस आधी बजावलं होतं, भाऊजी, उपास करायचा असेल तर डॉक्टरला विचारा, आणि उपाशीपोटी ती गोळी घेऊ नका. घरातल्या नर्सचं कोण ऐकतं? घरातली नर्स इंजेक्शन द्यायला असते. मी ओरडले, "कन्यादान करायचं आहे का पिंडदान? साखर आणा!"

कोणीतरी म्हातारी पुटपुटली, "शुभ कार्यात असं बोलते का कोनी?" दुसरी म्हणाली, "उपास मोडंन ना, भटजीले विचारा आंदी." मी कोणालाही विचारलं नाही. आचाऱ्याकडून साखर घेतली, पाण्यात ढवळली, आणि घोट घोट पाजली. शुद्ध होती म्हणून बरं. थोड्या वेळात माणूस ताळ्यावर आला, इकडेतिकडे पाहून म्हणाला, "वरात आली का?" मग त्याला दोन पोळ्या खाऊ घातल्या, माझ्या डोळ्यांसमोर. भटजी म्हणाले, औषधाला दोष नाही. अरे, मग हे आधी सांगायला काय झालं होतं?

"बरं झालं बाप्पा, सिस्टर घरातलीच हाय," असं जो तो म्हणायला लागला. आणि तेवढ्यात वरात आली. नणंद रडत माझ्यापुढे हात जोडून उभी. "वयनी, यायचा जीव वाचवला, आता पोरीचं लगन लावून जा."

मी थांबले. का थांबले? ती रडत होती म्हणून. शंभर लोक पाहत होते म्हणून. आणि पंचवीस वर्षं लोकांनी हाक मारली की वळायची सवय झाली म्हणून. म्हटली मंगलाष्टकं. रागात माझा आवाज फार चांगला लागतो. आजोबांची नावं, आत्याचं नाव, कृषी सहायक मामा, सगळे एकेक करून म्हटले. लोक डोळे पुसत होते. अंतरपाट दूर झाला तेव्हा अकोल्यात माझी आई पुढच्या खुर्चीवर बसलेली होती आणि मी वलगाव रोडवर अक्षता झेलत होते.

"जेवून जा," म्हणून नवरा मागे आला. मी म्हटलं, "तुम्हीच जेवा माझ्या वाटचं." रिक्षा करून बस स्टँड गाठलं, मिळेल त्या बसमध्ये चढले. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. कंडक्टरनं पैठणीकडे पाहून विचारलं, "लग्नाले का ताई?" मी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं तिकीट देऊन पुढच्या सीटकडे धूम ठोकली.

संमेलनाच्या हॉलवर पोचले तेव्हा कथाकथन संपलं होतं. वरातीमागून घोडं. स्टेजवर शाली वाटणं चाललं होतं. आई पुढच्याच रांगेत होती. काळा चष्मा, ठेवणीतलं लुगडं, आणि बाजूला खाला बुरखा सावरून बसलेली. गल्लीतल्या बाया येऊन कंटाळून गेल्या असाव्यात, दोघींच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आईनं मान वर धरली होती, कोणी नाव पुकारेल म्हणून ऐकत असल्यासारखी. दुपारपासून ती तशीच बसली होती, हे मला खालानं नंतर सांगितलं. पाणी प्यायलाही उठली नाही, न जाणो तेवढ्यात नाव पुकारलं तर.

संयोजक बाईंनी मला दारातच धरलं. "अय्या, ताई, किती वाट पाहिली हो! आता तर आभारप्रदर्शन आहे." मी म्हटलं, माझी गोष्ट लहान आहे. त्या हसल्या. मधाळ हसणं. "गोष्टीला आता कुठे वेळ? पण तुम्ही नर्स आहात ना? महिलांच्या आरोग्यावर दोन शब्द बोला. नाहीतर असं करा, तुम्ही मंगलाष्टकं फार सुंदर रचता म्हणे! एखादं कडवं म्हणा. कसा गोड शेवट होईल!"

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मला वाटलं, आज मीच साखर कमी होऊन पडते की काय. एक बाई एका दिवसात किती वेळा नर्स आणि किती वेळा मंगलाष्टक होऊ शकते, याला काही सीमा?

मी म्हटलं, "म्हणते." आणि स्टेजवर गेले.

माइक हातात घेतला. पिशवीतून कागद काढले. आणि मंगलाष्टक नाही, आरोग्य नाही, मी माझी गोष्ट वाचायला सुरुवात केली. बाळंत झाल्या झाल्या बाळाच्या आधी कंगवा मागणाऱ्या एका बाईची गोष्ट. सासरची माणसं भेटायला यायच्या आत तिला केस विंचरायचे असतात. वॉर्डातलीच, मी पाहिलेली. वाकले की माझ्या केसांतून अक्षता कागदावर पडत होत्या. मी त्या हातानं झाडत होते आणि वाचत होते.

पहिलं पान संपायच्या आत मागून कोणीतरी मोठ्यानं सांगितलं, "बाहेर चहा-नाश्ता लागला आहे होऽऽ!" झालं. खुर्च्या मागे सरकल्या, बांगड्या वाजल्या, दाराशी गर्दी झाली. संयोजक बाईंनी चिठ्ठी पाठवली, वेळ संपली. मी ती चिठ्ठी कागदांच्या खाली सारली आणि आवाज वाढवला. रिकाम्या होत जाणाऱ्या हॉलमध्ये मी ओरडून वाचत होते, वॉर्डात नातेवाइकांवर ओरडते तसं. शेवटी आई होती, खाला होती, चार-पाच अनोळखी बाया होत्या, आणि वायर गुंडाळायला आलेला माइकवाला होता. तो वायर हातात धरून उभा राहिला, गोष्ट संपेपर्यंत.

संपली. टाळ्या वाजल्या तेवढ्याच.

ऑटोत आई माझ्या आणि खालाच्या मध्ये बसली होती. तिनं आधी चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाली, "हॉल भरला होता?"

"भरला होता आई."

खाला लगेच म्हणाली, "अरे बाई, पाँव रखने को जगा नहीं थी!"

आई म्हणाली, "खोटं नोका बोलू दोघी. मले दिसत नाई, पन आयकू येते. चहा म्हटल्यावर खुर्च्या कशा वाजल्या, ते आयकलं म्या."

मग तिनं माझ्याकडे तोंड वळवलं.

"तू काहून उशिरा आली?"

"लग्न होतं ना आई. भाऊजींना चक्कर आली, मग मंगलाष्टकं..."

"लगन त्यायच्या पोरीचं होतं," आई म्हणाली. "आज माह्या पोरीचं काय होतं?"

मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. दिवसभर गिळलेला सगळा राग डोळ्यांवाटे बाहेर पडत होता. नणदेवरचा, नवऱ्यावरचा, त्या मधाळ बाईवरचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या वळणाऱ्या मानेवरचा. आईनं माझ्याकडे न पाहता, म्हणजे पाहून तरी काय उपयोग, पदराचं टोक पुढे केलं. "गोष्ट चांगली होती," म्हणाली. "त्या कंगव्याचं पुढं काय झालं, ते लिवलं नाई तू."

"तिथेच संपते गोष्ट."

"नाई संपत. ते बाई घरी गेल्यावर काय करते, ते लिव."

घरी पोचलो. दिवेलागण झाली होती. खाला मेथीची जुडी घेऊन आली, म्हणून मी ओट्यावर मेथी निवडायला घेतली. माझा फोन आत आईजवळ तखतावर होता. तो वाजला. मी उठायच्या आत आईनं चाचपून उचलला आणि कानाला लावला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता, की मला ओट्यावर ऐकू आला. तेल्हाऱ्याची कोणी बाई होती, दुपारच्या लग्नात आलेली. मंगलाष्टकं ऐकून वेडी झाली म्हणे. तिच्या पुतण्याचं लग्न आहे, पाचच कडवी पाहिजेत. "वयनी हायत का? बसल्याच असतीन ना?"

मी हात झटकले. वळले. सवय.

आई म्हणाली, "तिची माय बोलून राह्यली मी. नाई, ते नाई येऊ शकत."

पलीकडून काहीतरी विचारलं.

"ते लिवून राह्यली."

मी जागच्या जागी थांबले.

"काय लिवून राह्यली म्हंजे? लिवून राह्यली म्हंजे लिवून राह्यली. मंगलाष्टक नाई व माय, तिचं सोताचं. मधात उठवत नसतो आमी तिले. ठेवतो."

आणि ठेवला. शेहेचाळिसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्याबद्दल ते वाक्य मी कोणाच्या तोंडून ऐकलं. आणि तेव्हा मी लिहीत नव्हते, हातात मेथीच्या काड्या धरून दारात उभी होते.

"उभी काहून राह्यली?" आई आतून म्हणाली. "तुह्या बांगड्याचा आवाज येऊन राह्यला मले. ते मेथी खालाले दे अन् बस लिवाले. म्हाताऱ्या मायले खोटं पाडतं का?"

खालानं माझ्या हातातून काड्या ओढून घेतल्या. मी पैठणीला हात पुसले, आणि बसले.